फुल थ्रॉटलला बोट उजवीकडे कलते, टॉर्कचा बंदोबस्त कसा करावा?

काठावरचा

मंडळी, जरा मदत हवी आहे. रिमोटवर चालणारी मॉडेल बोट आहे, डीप-व्ही (तळ खोल व्हीसारखा), लांबी साधारण ७० सेंमी, सगळ्या सामानासकट वजन दोन किलोच्या आसपास. मोटर २००० केव्हीची ब्रशलेस (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेऱ्या), बॅटरी ३एस लिपो (तीन सेलची), ४० मिमीचा दोन पात्यांचा प्रॉप (पाणी ढकलणारा पंखा). मोटरपासून प्रॉपपर्यंत फ्लेक्स केबल (पिळलेल्या तारांची लवचीक केबल), मागे स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट धरणारा आधार), रडर (सुकाणू) एका बाजूला सरकवून लावलेला.

उभी असताना बोट एकदम समतोल. थ्रॉटल दिला की उजवी बाजू खाली जाते आणि फुल थ्रॉटलला तशीच खाली राहते. डावं वळण घेताना त्रास होतो, उजव्या वळणात मात्र भलतीच खूश असते. ओळखीच्या दोघांनी दोन सल्ले दिले. एक म्हणतो डाव्या बाजूला शिसं चिकटव, दुसरा म्हणतो ट्रिम टॅब (बुडाला मागे, तळाच्या रेषेत लावलेली पट्टी) वाकव. आधी काय करू, आणि किती?

---

फिरकी

टॉर्कच, म्हणजे प्रॉप फिरवणारा पिळाचा जोर. मागे उभं राहून बघा, तुमचा प्रॉप घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असणार. प्रॉप पाण्याला ज्या दिशेने पिळतो, पाणी बोटीला त्याच्या उलट दिशेने पिळतं. प्रॉप मागून पाहता घड्याळाप्रमाणे फिरला तर बोट डावीकडे कलते, उलटा फिरला तर उजवीकडे. एकच प्रॉप असलेल्या प्रत्येक बोटीत हे असतंच. कुठे दिसतं, कुठे दिसत नाही, एवढाच फरक.

बॅटरी डावीकडे सरकवा आणि विषय संपवा.

---

काठावरचा

हो, मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलटच फिरतो. पण सरकवायची किती? हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) जागा फार नाही.

---

गणितमास्तर

आकड्यात बघू, म्हणजे कशाने किती फरक पडेल ते कळेल.

मोटरचा टॉर्क काढायची सोपी रीत: ९.५५ ला केव्हीने भागायचं आणि अँपिअरने गुणायचं, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. मोटर मोकळी फिरताना जो थोडा करंट घेते तो आधी वजा करायचा, पण इथे तो सोडून देऊ. २००० केव्हीची मोटर ४० अँपिअर घेत असेल तर ९.५५ ÷ २००० × ४० = ०.१९ न्यूटन-मीटर. मोटर थेट शाफ्टला जोडलेली आहे, म्हणजे प्रॉपवरही तेवढाच टॉर्क. मध्ये गिअर असता तर त्याच्या प्रमाणात वाढला असता, कारण हिशोब प्रॉप शाफ्टवरच्या टॉर्कचा करायचा असतो.

आता बॅटरी. ३एसचा ५००० एमएएचचा पॅक ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ३.९ न्यूटन. तो १५ मिमी डावीकडे सरकवला तर ०.०६ न्यूटन-मीटर मिळतात. टॉर्कच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. पूर्ण टॉर्क नुसत्या बॅटरीने मारायचा तर ती जवळजवळ ५० मिमी सरकवावी लागेल. ७० सेंमीच्या व्ही-हलमध्ये एवढी जागा नाही, आणि असली तरी थ्रॉटल सोडल्यावर बोट डावीकडे पडेल.

शिशाचं म्हणाल तर ५० ग्रॅम शिसं अगदी कडेला, मधल्या रेषेपासून ९० मिमीवर लावलं तर ०.०४४ मिळतात. बॅटरी ११ मिमी सरकवण्याइतकंच. पण ते ५० ग्रॅम फुकट वाहून न्यायचे. आधी जे सामान बोटीत आहेच ते हलवा: बॅटरी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रिसीव्हर, सर्वो (रडर हलवणारी छोटी मोटर).

---

चाइनवाला

गणित बरोबर आहे, पण त्यात वेगाचा विचार आलेला नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

वजन सरकवून मिळणारा जोर कायम तेवढाच राहतो. बोट उभी असो की पळत असो, ०.०६ म्हणजे ०.०६. टॉर्क मात्र थ्रॉटलबरोबर बदलतो. आणि ट्रिम टॅबचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. म्हणजे तीन गोष्टी तीन वेगळ्या चालीने बदलतात. यांना एकाच उपायाने कायमचं जुळवता येत नाही. म्हणून 'शिसं की टॅब' हा प्रश्नच मला पटत नाही. बोट कधी कलते ते आधी सांगा:

थ्रॉटल दिल्याक्षणी, अजून पाण्यात बसलेली असताना? पाण्यावर चढून प्लेन होताना? की पूर्ण वेगात, सरळ पळताना?

पहिल्या प्रसंगी टॅबचा काही उपयोग नाही, कारण त्याच्यावरून पाणीच पुरेसं वाहत नसतं. तिथे वजन आणि थ्रॉटलवरचं बोट कामाला येतं. तिसऱ्या प्रसंगी टॅब राजा. मधल्या प्रसंगी दोन्ही थोडे थोडे.

---

काठावरचा

निघताना कलते, चढताना सगळ्यात जास्त, आणि पूर्ण वेगात थोडी कमी होते पण जात नाही. काठावरून बघताना डाव्या बाजूचा तळ चांगला दिसतो.

---

चाइनवाला

मग उपाय दोन जागी लागणार. त्याआधी एक खात्री करून घ्या, नाहीतर टॉर्कच्या नावाखाली तळाचा दोष झाकला जाईल.

बोट उलटी ठेवा आणि लोखंडी पट्टी तळाला लावून बघा. मागच्या काठापासून पुढे १५-२० सेंमी तळ सरळ हवा. एका बाजूला मागचा भाग खाली वळलेला असेल तर ती बाजू वेगात उचलली जाते, वर वळलेला असेल तर बसते. डावी-उजवी सारखी आहे का तेवढंच बघायचं. मग दोन्ही टॅब तळाच्या रेषेत आहेत का. पुष्कळ तयार बोटींमध्ये टॅब पाठवतानाच वाकलेले असतात, किंवा बोट स्टँडवर ठेवताना-काढताना वाकतात. मग स्ट्रट: वरून पाहता कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) रेषेत सरळ, बाजूने पाहता तळाला समांतर.

ही तपासणी न करता बॅटरी सरकवणारे बघितले की हात शिवशिवतात.

---

तारयंत्र

याहून सोपी परीक्षा सांगतो. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा, मोटर उलटी फिरेल. उलट्या हाताचा प्रॉप लावा. कल बाजू बदलला तर टॉर्क, त्याच बाजूला राहिला तर तळ किंवा वजन. दूध का दूध.

---

चाइनवाला

@तारयंत्र, परीक्षा छान आहे, पण फ्लेक्स केबलवर ती करू नका. केबलचा पीळ एकाच दिशेने घट्ट होण्यासाठी गुंडाळलेला असतो. उलटी फिरवून जोर दिला की पीळ सुटतो, केबल फुगते, नळीत घासते आणि तुटते. शिवाय प्रॉपचा नट सुटायची भीती वेगळी. सरळ कडक शाफ्ट किंवा वायर ड्राइव्ह (एकाच सलग तारेचा शाफ्ट) असेल तर खुशाल करा, नट लॉकवाला वापरा. धागाकर्त्याकडे फ्लेक्स आहे.

---

तारयंत्र

मान्य. माझ्याकडे वायर ड्राइव्ह आहे, त्यामुळे डोक्यात आलं नाही. काठावरचा, ते पोस्ट विसरा.

---

काठावरचा

पट्टी लावून बघितलं. तळ दोन्हीकडे सारखा. स्ट्रट सरळ. टॅबमध्ये मात्र फरक निघाला: डावा तळाच्या रेषेत, उजवा मागच्या टोकाला साधारण अर्धा मिमी वर. म्हणजे उजवी बाजू आणखी बसवायला मीच मदत करत होतो का?

---

चाइनवाला

तुम्ही नाही, टॅब. वर वळलेल्या टॅबमुळे त्या बाजूला मागे मिळणारा आधार कमी होतो. आधी तो रेषेत आणा आणि दुसरं काहीही न बदलता एकदा पळवा. एका वेळी एकच बदल. तीन स्क्रू, बॅटरी आणि प्रॉप एकदम बदलून 'बरी झाली' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

---

ओलाहात

मध्येच विचारतो. तुमच्या बोटीत उलटी झाल्यावर आपोआप सरळ होणारी सोय आहे का? त्यात एका बाजूला पाणी भरणारा कप्पा असतो. बोट उलटली की त्यात पाणी शिरतं, त्या वजनाने बोट फिरते, मग पळायला लागली की पाणी मागच्या भोकातून निघून जातं. ते भोक गवताने किंवा घाणीने अर्धवट बुजलं तर कप्प्यात पाणी राहतं आणि बोट त्या बाजूला कलते. माणूस टॉर्क टॉर्क करत बसतो.

त्याचप्रमाणे हलच्या आत शिरलेलं पाणी. पाव पेला पाणीही कलत्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. स्टफिंग ट्यूबला (शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या नळीला) ग्रीस आहे ना? प्रत्येक फेरीनंतर झाकण उघडून बघत जा.

---

काठावरचा

तशी सोय नाही, आणि आत पाणी नव्हतं.

उजवा टॅब रेषेत आणल्यावर पूर्ण वेगातला कल निम्म्याहून कमी झाला. निघतानाचा कल होता तसाच.

---

गणितमास्तर

चाइनवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. टॅबला किती जोर लावावा लागतो तेही सांगून ठेवतो. समजा पूर्ण वेगात अजून ०.१ न्यूटन-मीटर मारायचे आहेत आणि टॅब मधल्या रेषेपासून ७० मिमीवर आहे. ०.१ ÷ ०.०७ = १.४ न्यूटन, म्हणजे दीडशे ग्रॅमपेक्षा थोडा कमी जोर. वेगातल्या पाण्याला हे काहीच नाही. पण अर्ध्या वेगात तोच टॅब फक्त ३५-३६ ग्रॅमचा जोर देईल.

---

सुकाणू

गणितमास्तर आणि चाइनवाला, दोघांनीही रडरला धाग्यात जागाच दिली नाही, म्हणून मी येतो.

अर्धवट पाण्यात फिरणारा प्रॉप चाकासारखा बाजूलाही ढकलतो. खालची पाती ज्या बाजूला पाणी फेकतात, त्याच्या उलट बाजूला बोटीचं बूड सरकतं. तुमचा प्रॉप मागून पाहता उलटा फिरतो, म्हणजे खालची पाती उजवीकडे जातात, बूड डावीकडे सरकतं, नाक उजवीकडे. ते सरळ करायला तुम्ही ट्रान्समीटरवर रडर थोडा डावीकडे ट्रिम केला (कायम वळवून ठेवला) असणार. बरोबर?

हा धक्का गुरुत्वमध्याच्या बराच खाली बसतो, त्यामुळे तो बोट उजवीकडे कलवतो. डावीकडे वळलेला रडर बूड उजवीकडे ढकलतो, तोही खालूनच, त्यामुळे तो बोट थोडी डावीकडे कलवतो. म्हणजे रडरचा ट्रिम नकळत कलाशी भांडत असतो. काही जण बोट सरळ जावी म्हणून स्ट्रटच बाजूला वळवतात आणि रडर मधोमध आणतात. बोट सरळ जाते, घर्षणही कमी होतं, पण रडरची ती मदत जाते आणि कल वाढलेला दिसतो. मग पुन्हा धागा निघतो.

तुमची उजव्या वळणातली खुशीही यातच आहे. उजवीकडे वळताना रडर बोट उजवीकडे कलवतो, टॉर्कही उजवीकडेच कलवतो. वळणाच्या आत कललेली व्ही-बोट छान वळते. डाव्या वळणात दोघे एकमेकांविरुद्ध. म्हणून डाव्या वळणाआधी थ्रॉटल थोडा सोडा, टॉर्क उतरला की बोट ऐकते. कल शून्यावर आणला तरी ही सवय ठेवाच.

---

काठावरचा

@सुकाणू, रडर डावीकडेच ट्रिम केलेला आहे! स्ट्रटला हात लावत नाही मग.

---

फिरकी

इतकं सगळं करण्यापेक्षा प्रॉप लहान करा की.

---

गणितमास्तर

@फिरकी, हे सुचवलंत ते बरं केलंत, लोक प्रॉपकडे शेवटी बघतात. पूर्ण बुडालेल्या प्रॉपचा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाने. ४० चा ३८ केला तर तेवढ्याच फेऱ्यांना टॉर्क २३ टक्क्यांनी कमी. प्रत्यक्षात भार कमी झाल्यामुळे मोटर थोडी जास्त फिरेल, त्यामुळे पूर्ण २३ मिळणार नाहीत. अर्धवट बुडालेल्या प्रॉपला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, पण रोख तोच. पिच (पात्यांचा तिरकेपणा) कमी केला तरी टॉर्क उतरतो.

आणि स्ट्रट जितका खोल, तितकी पाती जास्त पाण्यात, तितका टॉर्क जास्त. एक-दोन मिमी वर घेऊन बघण्यासारखं असतं. फार वर घेतला तर निघताना प्रॉप नुसता हवा घुसळतो.

---

वाफाळ

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझी वेगाची बोट नाही, टगबोटचं मॉडेल आहे, पाच किलो. मोठा प्रॉप, संथ मोटर. एकदम पुढे केलं की ती सहा-सात अंश कलते आणि मॉडेलची सगळी ऐट जाते. टॅब तर लावता येणार नाहीत.

---

गणितमास्तर

तिथे टॅबची गरजच नाही. पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला परत उभं करणारा जोर म्हणजे वजन × मेटासेंट्रिक उंची (गुरुत्वमध्य जितका खाली तितकी ही जास्त) × कलाच्या कोनाची साइन. पाच किलो म्हणजे ४९ न्यूटन. मेटासेंट्रिक उंची २० मिमी धरली आणि टॉर्क ०.१ न्यूटन-मीटर, तर कल येतो जवळजवळ सहा अंश. तुमच्याशी जुळतंय. हीच उंची ४० मिमी केली तर कल तीन अंशावर येईल. ती वाढवायची म्हणजे जड सामान खाली न्यायचं: बॅटरी अगदी तळाला, वरचं डेक आणि चिमणी हलकी. बाजूला वजन लावू नका, उभी असताना टगबोट तिरकी दिसेल आणि ते जास्त वाईट.

---

ओलाहात

@वाफाळ, थ्रॉटल हळू द्या. खरी टग कुठे एकदम उसळते? मोटर स्वतः वेग घेत असतानाही उलटा झटका देते, त्यामुळे एकदम दिलेला थ्रॉटल कल आणखी वाढवतो. ईएससीमध्ये सुरुवातीचा जोर कमी करायची सेटिंग असते, ती सौम्य करा. काठावरचा, निघतानाचा कल तुम्हीही आधी असाच कमी करून बघा.

---

तारयंत्र

दोन मोटर, दोन उलटे फिरणारे प्रॉप, टॉर्क शून्य. एवढ्या चर्चेत कोणी बोललंच नाही. टॉर्पेडोमध्ये एकाच अक्षावर दोन उलट फिरणारे प्रॉप याच कारणासाठी असतात, नाहीतर तो स्वतःभोवतीच फिरत बसेल.

---

चाइनवाला

खरं आहे, पण मग वजन, दोन ईएससी, दोन शाफ्ट, आणि एका बाजूची मोटर थोडी कमी फिरली की बोट तिकडे ओढली जाणार. कल घालवायला म्हणून कोणी दोन मोटर बसवू नये. कॅटमरानला (दोन हल जोडलेल्या बोटीला) जागा असते, तिथे शोभतं. रुंदीमुळे कॅटला टॉर्क तसाही कमी जाणवतो, एका बाजूच्या तळावर थोडा जास्त भार येतो इतकंच.

---

काठावरचा

काल केलेलं सांगतो.

ईएससीची सुरुवात सौम्य केली. बॅटरी १० मिमी डावीकडे आणि ईएससीही त्याच बाजूला. पाण्यात उभी असताना आता डावीकडे किंचित कलते, पण लांबून कळत नाही. निघतानाचा कल बराच कमी.

मग उजवा टॅब मागच्या टोकाला साधारण एक मिमी खाली केला. पूर्ण वेगात बोट समतल झाली, पण उजवीकडे ओढायला लागली, आणि नाक आधीपेक्षा खाली. वेगही कमी वाटला.

---

चाइनवाला

एक मिमी खूप झालं. टॅब खाली गेला की तो त्या बाजूला मागचं बूड उचलतो, म्हणजे नाक दाबतो. शिवाय त्या बाजूला ओढही वाढवतो, म्हणून बोट उजवीकडे जाते. उजवा अर्ध्यावर आणा. राहिलेला कल काढायचा तर डावा टॅब अगदी थोडा वर घ्या. तो आता डाव्या बाजूला जो आधार देतोय तो कमी झाला की उजवीची तक्रार आपोआप घटते, आणि नाकही मोकळं होतं. पाव मिमीच्या हिशोबाने जा.

नाक तरीही खाली वाटलं तर गुरुत्वमध्य कुठे आहे बघा. डीप-व्हीला तो मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांवर असेल तर सहसा ठीक चालतं. बॅटरी बाजूला सरकवताना पुढेही सरकली असेल.

आणि अजून एक. सरळ पळताना बोट आळीपाळीने डावी-उजवी डुलायला लागली तर तो टॉर्क नव्हे. टॉर्क एकाच बाजूला धरून ठेवतो. डुलणं म्हणजे चाइन वॉक. त्याचं औषध वेगळं, तिथे या टॅबशी खेळू नका.

---

काठावरचा

बॅटरी खरंच पुढे सरकली होती, वेल्क्रो आडवा लावायचा म्हणून. मागे घेतली. उजवा टॅब तळाच्या रेषेपेक्षा अर्धा मिमी खाली, डावा पाव मिमी वर. पूर्ण वेगात जवळजवळ समतल, नाक मोकळं, रडरचा ट्रिम आधीपेक्षा थोडा कमी लागतो. चढताना एक क्षण उजवीकडे वाकते, मग सरळ. डावं वळण थ्रॉटल थोडा सोडून घेतो.

चढतानाचा तो एक क्षण घालवू का?

---

सुकाणू

राहू द्या. तो घालवायला वजन अजून डावीकडे न्यावं लागेल आणि मग थ्रॉटल सोडल्यावर बोट डावीकडे पडेल.

---

फिरकी

३८ चा प्रॉप लावून बघाच एकदा.

---

काठावरचा

मागवलाय. लावला की टॅब पुन्हा रेषेपासून सुरू करायचे ना?

---

चाइनवाला

नाही, आहेत तिथूनच सुरू करा. टॉर्क कमी झाला तर बोट आता डावीकडे कलेल, मग उजवा टॅब पाव मिमी वर. स्क्रूच्या डोक्यावर पेनने खूण करून ठेवा, म्हणजे ४० वर परत यायचं झालं तर शोधावं लागणार नाही.